यकृत साफ, मेंदूत तीन गाठी

रुग्ण ४४ वर्षांच्या, तासगाव तालुक्यातल्या. घरी द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड, नवरा, सासू आणि सांगलीत इंजिनिअरिंग करणारा मुलगा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम बदललेला नाही.) स्तनाचा कर्करोग, हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन आणि वर्षभर त्या प्रथिनाला चिकटणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅब या अँटिबॉडीची इंजेक्शनं, सगळं वेळेवर झालं होतं. तरी दोन वर्षांनी रोग यकृतात उठला. डोसीटॅक्सेल ही केमो आणि ट्रॅस्टुझुमॅब पुन्हा सुरू केलं आणि सहा सायकलनंतर पेट स्कॅनमध्ये यकृत साफ दिसलं. तिथून पुढे दर तीन आठवड्यांनी एकटं ट्रॅस्टुझुमॅब. सकाळी मिरजेला यायचं, डे-केअरमध्ये सलाईन संपलं की दुपारच्या एसटीनं परत.

मग बेदाणा निवडताना उजव्या हातातून मणी सुटायला लागले. केमोनंतरच्या मुंग्या असतील म्हणून घरी कुणी मनावर घेतलं नाही. पहाटे डोकं ठणकून उलट्या व्हायला लागल्या तेव्हा त्यांच्या जाऊबाई त्यांना घेऊन आल्या. कॉन्ट्रास्ट देऊन केलेल्या एमआरआयमध्ये तीन गाठी होत्या: डाव्या फ्रंटल भागात २.६ सेंटिमीटरची, लहान मेंदूत १.२ सेंटिमीटरची आणि उजव्या पॅरायटल भागात ८ मिलिमीटरची. पहिलीभोवती भरपूर सूज. त्याच आठवड्यातला पेट स्कॅन मानेखाली पूर्ण स्वच्छ होता.

हर-टू पॉझिटिव्ह कर्करोग शरीरात पसरलेल्या बायकांपैकी सुमारे ३० ते ५० टक्के जणींच्या मेंदूत कधी ना कधी गाठी येतात. त्यातल्या कित्येकींच्या बाबतीत बाकी शरीर अगदी आटोक्यात असतं. जे औषध यकृतातला रोग पुसून टाकतं, तेच औषध मेंदूतल्या त्याच जातीच्या पेशींपर्यंत पुरेसं पोचत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पडदा (ब्लड-ब्रेन बॅरियर) असतो.

डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड सुरू केल्यावर दोन दिवसांत डोकं हलकं झालं, हाताची पकड थोडी परतली. रिपोर्ट समजावून सांगायला मी घरच्यांना बसवलं तेव्हा मुलानं मोबाइल पुढं केला. कॅनडात ध्वनिलहरी सोडून मेंदूचं दार तात्पुरतं उघडतात आणि हर-टूचं औषध आत सोडतात, अशी बातमी होती. "डॉक्टर, हे आईचंच इंजेक्शन आहे ना?" त्याचे वडील म्हणाले, "जमीन हाय. इकायची म्हटली तरी आपली तयारी हाय. खरं तिकडं न्हेल्यावर उपेग हुतोय का, तेवढं सांगा."

बातमी खरी होती. इंजेक्शनही तेच होतं. म्हणून हा प्रश्न नुसता "ते आपल्यासाठी नाही" म्हणून बाजूला सारण्यासारखा नव्हता. त्यांना जे सविस्तर सांगितलं ते इथं लिहितो, कारण हाच प्रश्न घेऊन आता बरीच घरं येतात.

पडदा म्हणजे नेमकं काय

मेंदूतल्या केशवाहिन्या सरळ रेषेत मांडल्या तर सुमारे ६०० किलोमीटर भरतील. इतर अवयवांत या वाहिन्यांच्या भिंतीतून बऱ्याच गोष्टी पाझरू शकतात. मेंदूत तसं होत नाही. शेजारशेजारच्या पेशी क्लॉडिन-५, ऑक्लुडिन अशा प्रथिनांनी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात, आणि जे चोरवाटेनं आत शिरेल ते परत रक्तात फेकणारे पी-ग्लायकोप्रोटीनसारखे पंप त्याच भिंतीत बसवलेले असतात. जर्मनीत पॉल एर्लिश यांनी १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले, तेव्हा सगळे अवयव रंगले, मेंदू तेवढा कोरा राहिला. १९१३ मध्ये एडविन गोल्डमान यांनी रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तर मेंदू रंगला आणि बाकी शरीर कोरं राहिलं. म्हणजे रंग मेंदूला धरत नाही असं नव्हतं, मधे काहीतरी आडवं होतं.

हा पडदा साधारण ४०० ते ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) लहान आणि चरबीत विरघळणारे रेणूच सहज पार होऊ देतो. ट्रॅस्टुझुमॅबचा रेणू सुमारे १,४८,००० डाल्टनचा. जर्मनीतल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापात हे औषध मेंदूभोवतीच्या द्रवापेक्षा रक्तात ४२० पट जास्त आढळलं होतं. डोक्याला रेडिएशन दिल्यावर तो फरक ७६ पटींवर आला. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज लागेल.

पडदा उघडायचे प्रयत्न नवे नाहीत. वॉर्डात मेंदूची सूज उतरवायला आपण जी मॅनिटॉलची बाटली लावतो, तेच मॅनिटॉल मानेच्या धमनीत थेट सोडून पडदा सैल करण्याची पद्धत अमेरिकेत अनेक वर्षं वापरली गेली. पण त्यात त्या धमनीच्या हद्दीतला सगळा मेंदू एकदम उघडा पडतो. नेमक्या जागेपुरतं उघडायचं, हे फोकस्ड अल्ट्रासाउंडमुळे शक्य झालं.

बुडबुडे आणि आवाज

फिनिश शास्त्रज्ञ कुलेर्वो हायनिनेन आणि त्यांच्या बॉस्टनमधल्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सशांवर दाखवलं की रक्तात अतिसूक्ष्म बुडबुडे सोडून मग कमी ताकदीच्या ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटल्या, तर तेवढ्याच जागेचा पडदा काही तासांपुरता उघडतो आणि ऊती जळत नाही. बुडबुडे काही मायक्रॉनचे, लाल रक्तपेशीपेक्षा लहान. आत परफ्लुरोकार्बन वायू, बाहेर चरबीचं पातळ कवच. इकोकार्डिओग्राफीत हृदय स्पष्ट दिसावं म्हणून असेच बुडबुडे वापरतात. लहरींच्या दाबानं बुडबुडा आकुंचतो, फुगतो, आणि प्रत्येक वेळी वाहिनीच्या भिंतीला आतून ढकलतो, ओढतो. पेशींमधले सांधे त्यानं सैल होतात. पुढच्या २४ तासांत ते पुन्हा मिटतात.

प्रत्यक्षात हे सगळं एमआरआयच्या नळीत चालतं. डोक्याचे केस काढतात, कवटीला धातूची चौकट स्क्रूनं घट्ट बसवतात आणि डोक्यावर १,०२४ उत्सर्जकांचं हेल्मेट येतं. डोकं आणि हेल्मेट यांच्यामध्ये थंड पाणी फिरत राहतं. प्रत्येकाच्या कवटीची जाडी ठिकठिकाणी वेगळी असते, त्यामुळे आधी सीटी स्कॅन करून प्रत्येक उत्सर्जकाच्या लहरीची वेळ स्वतंत्रपणे जुळवावी लागते. पडदा उघडायला वापरतात ती कंपनसंख्या सुमारे २२० किलोहर्ट्झ. हे हेल्मेट बनवणाऱ्या कंपनीच्याच ६५० किलोहर्ट्झच्या यंत्रानं हात थरथरण्यावर उपचार होतात, पण तिथं ऊती मुद्दाम उष्णतेनं जाळलेली असते. तो उपचार आणि हा, दोन्ही पूर्ण वेगळे.

सगळ्यात नाजूक भाग दाबाचा. बुडबुडा संथपणे फुगत-आकसत राहिला तर पडदा उघडतो. दाब वाढून तो जोरात कोसळला तर वाहिनी फुटते. म्हणून यंत्र उपचाराच्या वेळी बुडबुड्यांचा परतीचा आवाज ऐकत असतं आणि त्यावरून ताकद कमी-जास्त करतं. ही खबरदारी उगाच आलेली नाही. पक्षाघातातली गुठळी विरघळावी म्हणून जर्मनीत ३०० किलोहर्ट्झच्या लहरी देऊन केलेला एक अभ्यास २००५ च्या सुमारास थांबवावा लागला. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाबरोबर या लहरी दिलेल्या १४ पैकी १३ रुग्णांच्या मेंदूत रक्तस्रावाच्या खुणा दिसल्या होत्या.

मुलानं विचारलं, मिरजेत एवढी सोनोग्राफी सेंटरं आहेत, त्यांच्यावर हे जमणार नाही का? नाही जमणार. पोटाच्या सोनोग्राफीच्या लहरी मेगाहर्ट्झमधल्या असतात आणि मोठ्या माणसाची कवटी त्या बहुतांश शोषून किंवा विखरून टाकते. फिजिओथेरपीच्या अल्ट्रासाउंड यंत्राचंही तेच. त्या यंत्रांनी "मेंदूचा पडदा उघडून देतो" असं कुणी सांगितलं तर तिथं थांबू नये. आणि प्रायोगिक उपचाराचे लाखो रुपये मागणारा कुणी भेटला तर आधी सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागावा. भारतातल्या प्रत्येक औषध-चाचणीची या सरकारी नोंदवहीत नोंद असणं २००९ पासून बंधनकारक आहे, आणि ती वही कुणालाही इंटरनेटवर फुकट बघता येते.

टोरोंटोत काय झालं

मुलाच्या मोबाइलमधली बातमी टोरोंटोच्या सनीब्रुक रुग्णालयाची होती. तिथंच २०१५ मध्ये मेंदूत गाठ असलेल्या माणसाचा पडदा कवटी न उघडता ध्वनिलहरींनी पहिल्यांदा उघडला गेला. हर-टूचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चार बायका होत्या. किरणोत्सारी खूण लावलेलं ट्रॅस्टुझुमॅब देऊन पाहिलं, तर लहरी दिलेल्या गाठींत त्याचं प्रमाण सरासरी दुपटीच्या आसपास गेलं. गाठींचा आकार सरासरी १९ टक्के घटला. गंभीर दुष्परिणाम झाले नाहीत.

हे आकडे घरच्यांना सांगताना मी आवाज चढू दिला नाही, पाडलाही नाही. एवढा मोठा रेणू माणसाच्या मेंदूत ठरवलेल्या जागी जास्त पोचतो, हे डोळ्यांनी दिसलं, आणि माझ्या मते ही कर्करोगशास्त्रातली खरोखर मोठी गोष्ट आहे. पण बायका चार होत्या आणि लहरी न दिलेला तुलनेचा गट नव्हता. २०२३ मध्ये शिकागोच्या गटानं कवटीत बसवलेल्या अल्ट्रासाउंड यंत्राच्या साहाय्यानं ग्लिओब्लास्टोमाच्या (मेंदूतच सुरू होणाऱ्या कर्करोगाच्या) १७ रुग्णांवर काम केलं, तेव्हा मेंदूत केमोच्या औषधांपैकी पॅक्लिटॅक्सेलचं प्रमाण ३.७ पट आणि कार्बोप्लॅटिनचं ५.९ पट वाढलं. म्हणजे औषध आत जातं, हे एकाहून जास्त ठिकाणी दिसलं आहे. त्यानं हर-टूच्या रुग्णाचं आयुष्य किती वाढतं, याचं उत्तर चार जणींच्या अभ्यासातून मिळू शकत नाही.

फिल्म पुन्हा लावली

यानंतर मी एमआरआयची फिल्म पुन्हा व्ह्यूबॉक्सवर लावली. या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं तिथं झालं.

तिन्ही गाठी पांढऱ्या चमकत होत्या. ती चमक गॅडोलिनियम नावाच्या कॉन्ट्रास्टची. गॅडोलिनियमचा रेणूही शाबूत पडद्यातून पार होत नाही. टोरोंटोचे डॉक्टर पडदा उघडला की नाही हे तपासायला हेच गॅडोलिनियम देतात: जागा चमकली तर उघडला. मग यांच्या मेंदूत, कुणी ध्वनिलहरी दिलेल्या नसताना, गाठी चमकल्या कशा? कारण त्या वाढत असताना त्यांनी तिथला पडदा आधीच मोडला होता.

मुलगा इंजिनिअरिंगचा. त्याला पुढचा प्रश्न लगेच सुचला: मग पडदा मोडलेला असताना दर तीन आठवड्यांचं इंजेक्शन तिथं पोचलं का नाही? कारण तो सगळीकडे सारखा मोडत नाही. एकाच गाठीचा एक कोपरा पाझरतो, दुसरा बंद असतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या एका कामात मेंदूत पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ८९ टक्क्यांहून जास्त गाठींत पडदा थोडा तरी पाझरत होता, पण पेशी मरतील एवढं औषध सुमारे १० टक्के गाठींतच पोचलं. ध्वनिलहरींचा उपयोग या अर्धवट उघड्या जागी पाझर वाढवायला आणि सारखा करायला होतो. टोरोंटोत दुप्पट झालं ते हेच.

आता दुसरी बाजू. ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकन हे औषध त्याच अँटिबॉडीला केमो जोडून बनवलेलं आहे, म्हणजे आकारानं थोडं मोठंच. त्याच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मेंदूत गाठी असलेल्या २६३ रुग्णांपैकी ७१.७ टक्के जणांच्या मेंदूतल्या गाठी लक्षणीय लहान झाल्या. ध्वनिलहरी नाहीत, हेल्मेट नाही. दिसण्याइतक्या मोठ्या झालेल्या गाठींत मोठा रेणूही शिरतो, फक्त तो पुरेसा जालीम असावा लागतो.

पडदा खरोखर शाबूत असतो तो कुठं? जिथं पाच-पंचवीस पेशी नुकत्या येऊन बसल्या आहेत, अजून चमकत नाहीत, कुठल्याच फिल्मवर दिसत नाहीत, तिथं. आणि फोकस्ड अल्ट्रासाउंडला तर नेम धरायला जागा लागते. न दिसणाऱ्या जागेवर नेम कसा धरणार? पुढे मोठा भाग एकदम सुरक्षितपणे उघडता आला तर गोष्ट वेगळी, आणि तसं काम चालूही आहे. पण या बाईंच्या तीन दिसणाऱ्या गाठींसाठी पडदा ही एकमेव अडचण नव्हती, आणि त्या गाठींवर चालणारे सिद्ध उपाय इथून काही तासांच्या अंतरावर होते.

बाईंनी इतका वेळ काही विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "म्हंजे दार मोडल्यालंच हाय. मग औषध बदला की."

निर्णय

आमच्या ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांच्या बैठकीत, तीन मतं आली. एक, संपूर्ण मेंदूला रेडिएशन. ते लवकर सुरू झालं असतं, पण आयुष्याची अनेक महिने-वर्षं शिल्लक असण्याची शक्यता असलेल्या बाईच्या स्मरणशक्तीवर त्याचा परिणाम होतो, आणि गाठी तीनच होत्या. दोन, मोठी गाठ शस्त्रक्रियेनं काढणं. गाठ हाताच्या हालचालीच्या भागाला लागून होती आणि स्टेरॉइडला चांगला प्रतिसाद होता, म्हणून ते मागे ठेवलं. तीन, फक्त गाठींवर नेम धरून स्टिरिओटॅक्टिक रेडिएशन आणि त्यानंतर पडदा ओलांडू शकणारी लहान रेणूची गोळी. हे ठरलं. त्यात एक अतिरिक्त फायदाही होता: वरचा ७६ चा आकडा आठवा. रेडिएशननंतर पडदा आणखी सैल होतो.

गोळी कोणती, यावर जास्त वेळ गेला. हर-टूवरच्या ट्युकॅटिनिब या गोळीचा पुरावा चांगला आहे. २०२० च्या अभ्यासात मेंदूत गाठी असलेल्या रुग्णांपैकी वर्षभर आजार न वाढलेले २४.९ टक्के, तुलनेच्या गटात शून्य. पण ते या घराच्या आवाक्यात नव्हतं. डेरक्सटेकनवरचं आयात शुल्क जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात माफ झालं, तरी दर तीन आठवड्यांचा खर्च एका द्राक्षबागेला पेलणारा नाही. लॅपॅटिनिब (हर-टूवरची गोळी) आणि कॅपेसिटाबिन (केमोची गोळी) या जोडीच्या भारतीय गोळ्या मिळतात, आणि २०१३ च्या फ्रेंच अभ्यासात, आधी डोक्याला संपूर्ण रेडिएशन न घेतलेल्या ४४ पैकी २९ रुग्णांच्या मेंदूतल्या गाठी निम्म्यानं किंवा अधिक घटल्या होत्या. तीच निवडली. जमीन विकू नका, हे नवऱ्याला स्पष्ट सांगितलं. जे योजनेत बसलं ते बसवलं, बाकीचं विकास सोसायटीच्या कर्जातून निघालं.

परदेशी अभ्यासाबद्दलही उत्तर दिलं. अशा पहिल्या टप्प्याच्या अभ्यासांत मोजके रुग्ण घेतात, ते बहुधा तिथलेच. शिवाय गाठीभोवती मोठी सूज असताना आणि स्टेरॉइडचा डोस स्थिर नसताना पडदा आणखी उघडणं धोक्याचं आहे. लहान मेंदूतल्या गाठीवर कवटीच्या बाहेरून नेम धरणंही तुलनेनं अवघड. उद्या भारतात हर-टूसाठी नोंदणीकृत अभ्यास सुरू झाला तर चिठ्ठी मी त्याच दिवशी लिहून देईन, असं मुलाला सांगितलं, आणि सीटीआरआयमध्ये कसं शोधायचं तेही दाखवलं.

पुढचे महिने

पुण्याला स्टिरिओटॅक्टिक रेडिएशन झालं. मोठ्या गाठीला तीन बैठकांत, लहान दोन्हींना एकेकदा.

त्यानंतर गोळ्यांचं वेळापत्रक बसवणं हेच मोठं काम होतं. लॅपॅटिनिबच्या पाच गोळ्या एकदम, उपाशीपोटी. कॅपेसिटाबिन मात्र जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, दोन आठवडे घ्यायचं, एक आठवडा सुटी. सासूबाईंनी दोन्हींसाठी वेगवेगळे डबे केले आणि गोंधळ एकदाही झाला नाही. डेक्सामेथासोन यकृतातली विकरं वाढवून लॅपॅटिनिब लवकर निकामी करतं, म्हणून स्टेरॉइड शक्य तितक्या लवकर उतरवत नेलं. घरच्या हळदीबद्दलही विचारणा झाली. सांगली म्हणजे हळदीचं गाव, ती होणारच. जेवणातली हळद राहू द्या म्हटलं, पण मिरपुडीच्या अर्कासह येणाऱ्या करक्युमिनच्या कॅप्सूल बंद केल्या. तो अर्क औषधांच्या पचनात ढवळाढवळ करू शकतो, आणि नुसतं करक्युमिन आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही.

दुसऱ्या सायकलनंतर तळहात लाल होऊन सालटी निघायला लागली, जुलाबही झाले. कॅपेसिटाबिनचा डोस कमी केला, लोपेरामाइड हाताशी ठेवायला सांगितलं. तिसऱ्या महिन्यातल्या एमआरआयमध्ये मोठी गाठ २.६ वरून १.४ सेंटिमीटरवर आली होती, लहान मेंदूतलीची पुसट खूण होती, पॅरायटल गाठ दिसत नव्हती. उजव्या हाताची पकड जवळजवळ पूर्ण परतली. खरडछाटणीच्या वेळी त्या बागेत होत्या, फक्त तळहातांना त्रास नको म्हणून कात्री धरली नाही.

नवव्या महिन्यात डाव्या ऑक्सिपिटल भागात ४ मिलिमीटरचा एक नवा ठिपका चमकला. जुन्या तिन्ही जागा शांत होत्या. आधीच्या कुठल्याच फिल्मवर तो नव्हता. पेशी तिथं आधीपासून असणार, शाबूत पडद्याआड, आणि पडदा आतून मोडेपर्यंत त्या आम्हाला दिसल्या नाहीत.

त्या ठिपक्याला स्टिरिओटॅक्टिक रेडिएशन दिलं आहे. लॅपॅटिनिब थांबवून डेरक्सटेकनवर जायचं ठरलं असून, औषध कंपनीच्या मदत योजनेचा आणि मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज दोन्ही भरले आहेत. या औषधानं फुप्फुसाला सूज येऊ शकते, म्हणून सुरुवातीचा छातीचा सीटी आणि इको करून ठेवला. इको चांगला आहे. मेंदूचा एमआरआय आता दर दोन महिन्यांनी, डोकं दुखो वा न दुखो.